डागडुजीचा डाग : नाशिकच्या चांदीकामातील दुरुस्ती, हीण आणि पत

प्रस्तावना

मराठीत 'डाग' या शब्दाला तीन वेगळे अर्थ आहेत. वस्त्रावरचा किंवा नावलौकिकावरचा कलंक म्हणजे डाग. अंगावरचा दागिना म्हणजेही डाग; 'घरातले चार डाग मोडून लग्न उरकले' असे म्हटले जाते ते याच अर्थाने. आणि तुटलेला धातू तापवून सांधणे म्हणजे डाग देणे. डागडागिने आणि डागडुजी हे दोन जोडशब्द याच परिसरातले आहेत. या तिन्ही अर्थांचे मूळ एक की अनेक, हा भाषाशास्त्राचा विषय असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे. सोनाराच्या शेगडीपाशी मात्र हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. चांदीचा तोडा तुटतो, त्याला डाग दिला जातो आणि दुरुस्त होऊन आलेल्या त्या डागावर सांध्याभोवती करडा, काळपट किंवा पिवळसर असा डाग उमटलेला दिसतो.

हा डाग पाहताच ग्राहकाच्या मनात पहिली शंका येते ती चांदी बदलल्याची. सोनार ती नाकारतो, आगीचा दाखला देतो. पण बहुधा त्याचे म्हणणे पटत नाही. वरवर पाहता हा किरकोळ तंटा आहे. तथापि त्याच्या मुळाशी चलन, धातूची शुद्धता, स्त्रीधन आणि कारागिराची पत असे चार मोठे विषय गुंतलेले आहेत. गोदाकाठचा सराफ बाजार, त्याच्या शेजारचा भांडी बाजार, तांबट आळी आणि चांदवडची जुनी टाकसाळ यांमुळे नाशिक परिसरात या विषयाचे धागे विशेष स्पष्टपणे हाती लागतात. डाग चांदीला पडत नाही, तो चांदीतल्या हिणाला पडतो. आणि ते हीण बहुतेक वेळा दुरुस्ती करणाऱ्या सोनाराने घातलेले नसते. मग ते कोणी घातले, याचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे आहे. या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

डाग पडतो कसा

निव्वळ चांदी ९६१ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. ती हवेत कितीही तापवली तरी तिच्यावर टिकाऊ ऑक्साइड बसत नाही. या गुणामुळेच तिला सोन्याबरोबर उच्च धातूंत स्थान मिळाले. परंतु निव्वळ चांदी मऊ असते. तिचे वाळे सहज वाकतात, साखळीच्या कड्या ताणल्या जातात. म्हणून तिच्यात तांबे मिसळावे लागते. इंग्लंडमध्ये इ.स. १३०० च्या कायद्याने 'स्टर्लिंग' प्रमाण कायम झाले, त्यात हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेला भाग बहुधा तांबे असते. तांब्याने चांदीला बळकटी येते, पण आगीसमोर दुबळी बाजूही तेच आणते.

डाग देण्यासाठी दागिना लाल होईपर्यंत तापवला की हवेतला प्राणवायू त्यातल्या तांब्याशी संयोग पावतो. पृष्ठभागावर काळे क्युप्रिक ऑक्साइड तयार होते. ते सौम्य आम्लात विरघळते. चिंचेच्या पाण्यात, तुरटी-मिठाच्या द्रावणात किंवा पातळ केलेल्या तेजाबात दागिना उकळला की काळेपणा निघून जातो, तो याचमुळे. पण प्राणवायू पृष्ठभागावर थांबत नाही. तो चांदीत काही अंतर आत शिरतो आणि तेथील तांब्याचे तांबूस क्युप्रस ऑक्साइड बनवतो. हा थर आम्लाच्या आवाक्याबाहेर असतो. दागिना आम्लातून पांढराशुभ्र निघतो, घरी जातो, चार वेळा घासला जातो आणि वरचा पातळ थर झिजताच आतला करडा-जांभळट डाग वर येतो. दुरुस्तीनंतर काही दिवसांनी डाग 'उगवतो' असे जे वाटते त्याचे एक कारण हे आहे.

याच प्रक्रियेची दुसरी बाजू अधिक लक्षणीय आहे. तापवणे आणि आम्लात उकळणे या क्रिया वारंवार केल्या की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि जवळजवळ निव्वळ चांदीची एक कातडी उरते. जगभरच्या चांदीकारांना ही युक्ती ठाऊक होती. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातील हिणकस दिनार नवे असताना पांढरे दिसत, ते याच उपायाने. नवा दागिनाही असाच 'पांढरा करून' ग्राहकाला दिला जाई. म्हणजे विकत घेताना दिसलेला रंग हा दागिन्याच्या पोटातल्या धातूचा नव्हे, तर त्या कातडीचा असतो. दुरुस्तीच्या वेळी सांध्याजवळ कानस लागली की ती कातडी फाटते आणि पोटातला रंग उघडा पडतो. वास्तविक या क्षणी सोनाराने काहीही बदललेले नसते. जे मुळापासून होते तेच दिसू लागलेले असते. परंतु दागिना सोनाराकडे जाण्यापूर्वी पांढरा होता आणि परत आला तेव्हा तसा नव्हता, एवढेच ग्राहकाला माहीत असते.

तिसरे कारण झाळीचे आहे. सांधण्यासाठी वापरायचा धातू दागिन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळला पाहिजे. चांदी आणि तांबे यांच्या मिश्रणात चांदी सुमारे ७२ टक्के असेल तर ते ७८० अंशांच्या आसपासच वितळते. जस्त घातल्यास आणखी लवकर. पारंपरिक सोनार चांदीत थोडे पितळ वितळवून झाळ तयार करीत, कारण पितळेत तांबे आणि जस्त ही दोन्ही आयतीच मिळतात. पण अशी झाळ दागिन्याहून हिणकस असणारच. घामाने, हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी तिचा रंग लवकर बदलतो. सांध्यात टाकणखाराचा किंवा तेजाबाचा अंश अडकून राहिला तर तो पुढे पाझरतो आणि कड काळी पडते. यांखेरीज चांदीला हवेतल्या गंधकामुळे येणारी रौप्य सल्फाइडची काळी झाक वेगळीच. ती निव्वळ चांदीलाही येते आणि रीठ्याच्या पाण्याने वा रांगोळीने घासून जाते. घरातल्या बायका या काळेपणाला भीत नाहीत. त्यांना खटकतो तो न जाणारा डाग.

शास्त्रग्रंथांतील दुरुस्ती

नाशिकचा चांदीशी असलेला संबंध किमान दोन हजार वर्षांचा आहे. त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यातील, नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. याच लेखात ३५ कार्षापणांचे एक सुवर्ण असा दरही आला आहे. पुढे १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातील १३,२५० च्या आसपास नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाची नाणी न वितळवता वापरात आणली गेली. चांदी तीच राहिली, पत मात्र नव्या राजाची झाली.

दागिन्यांच्या दुरुस्तीविषयी प्राचीन ग्रंथकार कमालीचे सावध आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुद्ध चांदी दह्याच्या रंगाची असते असे सांगून हिणकस चांदी शिशाच्या साहाय्याने शुद्ध करण्याची रीत दिली आहे. त्याच अधिकरणात सोनारांच्या चोरीच्या क्लृप्त्यांची लांबलचक यादी येते. त्यात जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठोकून, तोडून, खरवडून आणि घासून अशा चार मार्गांनी दुरुस्तीत धातू काढून घेतला जातो, असे कौटिल्य बजावतो. म्हणजे दुरुस्तीला आलेला दागिना हे संशयाचे ठिकाण असणे हा नाशिकच्या किंवा आजच्या ग्राहकाचा दोष नव्हे. राज्ययंत्रणेनेच तो संशय शास्त्र म्हणून मांडला होता.

याज्ञवल्क्य स्मृतीची भूमिका मात्र थोडी निराळी आहे. आगीत घातल्यावर सोने घटत नाही, चांदी शंभरात दोन पल घटते, तांबे पाच पल, कथील व शिसे आठ, लोखंड दहा, असे प्रमाण तेथे दिले आहे. या नियमाचा उद्देश कारागिराला पकडणे हा आहेच, पण त्याला वाजवी सूट देणे हाही आहे. दोन पलांपर्यंतची घट आगीची, त्यापुढची कारागिराची. आग स्वतःचा वाटा घेते हे कायद्याने मान्य केले होते. वजनाच्या घटीला अशी मर्यादा आखली गेली. रंगाच्या बदलाला तशी कधीच आखली गेली नाही. तंटा नेमका या मोकळ्या जागेत वाढला.

बट्टा

मराठा काळात नाशिक परिसरात अनेक प्रकारचे रुपये चालत. चांदवड येथे होळकरांच्या अमलाखालील टाकसाळीत पाडलेला चांदवडी रुपया या भागात सुपरिचित होता. त्याच्यावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असा टाकसाळीचा निर्देश येतो. नाशिकचे मोगलकालीन नाव गुलशनाबाद. त्या नावाचे रुपयेही आढळतात. प्रत्येक रुपयाचा कस आणि झीज वेगळी असल्याने एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ जी कसर कापून घेई, तिला बट्टा म्हणत. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आज चारित्र्याविषयी वापरला जातो, पण त्याचा जन्म सराफाच्या पेढीवर झाला.

येथे सराफ आणि सोनार यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सराफ मूळचा नाणी पारखणारा व बदलून देणारा. सरकारी खजिन्यात तेच काम पोतदार करी. सोनार घडवणारा. कसोटी पहिल्याच्या हाती, हातोडी दुसऱ्याच्या हाती. 'हिणकस' हा शब्दसुद्धा हीण आणि कस या पारख्याच्या दोन शब्दांनी बनलेला आहे. गावचा सोनार बहुधा ग्राहकाने आणून दिलेले रुपयेच मुशीत घालून दागिना घडवी. त्यामुळे दागिन्यात तांबे किती, हे सोनार ठरवत नसे. ते टाकसाळीने आधीच ठरवलेले असे. हलक्या रुपयाचा दागिना आगीत अधिक काळवंडला तर त्याचा जाब चांदवडच्या टाकसाळीला कोणी विचारत नव्हते. ती गावात नव्हती. सोनार गावात होता.

कलदार रुपया आणि बाईमाणसाची ठेव

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन निव्वळ चांदी, म्हणजे बारा भागांत अकरा भाग. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला 'कलदार' म्हणू लागले आणि पुढे राणीच्या मुखवट्यामुळे 'राणीछाप'. रुपयाचे वजन आणि तोळा एकच, ११.६६ ग्रॅम, असल्याने रुपया हे नाणेही झाले, वजनही झाले आणि दागिन्याचा कच्चा मालही झाला. तोडे 'वीस रुपये भार' म्हटले की वजन कळे, चांदीचा कस कळे आणि किंमतही कळे. दागिन्यात तांबे साडेआठ टक्क्यांच्या आत, सर्वत्र सारखे. डाग पडे, पण सगळ्यांचा सारखाच पडे. अशा परिस्थितीत डागावरून चांदी बदलल्याचा आरोप करण्यास फारसा आधार उरत नसावा. दागिना मोडायचा झाला तर वजन हाच न्याय होता.

नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण आणि आदिवासी भागात चांदीचे महत्त्व सोन्याहून अधिक होते. पायात सोने घालू नये या संकेतामुळे तोडे, वाळे, पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्याच. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, इगतपुरी या भागांतील कोकणा, वारली, महादेव कोळी स्त्रियांच्या गळ्यात आणि दंडातही चांदीच असे. राणीछाप रुपयांना कडी डागून केलेली माळ तर अलंकार आणि रोकड यांतील सीमाच पुसून टाकणारी. जमीन पुरुषाच्या नावावर, घर पुरुषाच्या नावावर. अंगावरची चांदी तेवढी बाईची. पाऊस गेला की ती मोडायची, सुगी झाली की जमल्यास पुन्हा घडवायची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील दागिन्यांची चांदी मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टाकसाळीत येऊन पडली. चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची मुभा तेव्हा सर्वांना होती, म्हणून संकटातही दागिन्याला रुपयाचा आधार मिळाला.

हा आधार जून १८९३ मध्ये काढून घेण्यात आला. जगभर चांदीचे भाव कोसळत होते. १८७० च्या सुमारास लंडनमध्ये औंसाला सुमारे ६० पेनी असलेला भाव १९०० पर्यंत निम्म्याखाली आला. रुपयाचा विनिमयदर सावरण्यासाठी सरकारने खासगी चांदीचे रुपये पाडणे बंद केले आणि पुढे रुपया १६ पेनींवर स्थिर केला. सरकारी ताळेबंदाच्या दृष्टीने निर्णय यशस्वी ठरला. गावातल्या बाईच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की वीस रुपये वितळवून घडवलेले तोडे पुन्हा वीस रुपयांचे होऊ शकत नव्हते. १९०० च्या लंडनच्या भावाने हिशेब केला तर त्यातील चांदी सुमारे तेरा रुपयांची भरते. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नेमका याच वेळी आला. शेतकऱ्यांच्या घरातील ठेवीचे मूल्य सरकारने एका फटक्यात उतरवले, हा आक्षेप त्या काळातच घेतला गेला होता.

या निर्णयाचा एक परिणाम सहसा नजरेआड राहतो. रुपया आता चांदीपेक्षा महाग झाल्याने तो मुशीत घालण्यात तोटा होता. सोनाराला चांदी बाजारातून, लगडीच्या रूपाने घ्यावी लागू लागली आणि तिच्यात तांबे किती घालायचे हे त्याचे त्याने किंवा त्याला माल देणाऱ्या सराफाने ठरवायचे झाले. टाकसाळीची हमी दागिन्यातून निघून गेली. तिच्या जागी उरला माणसाचा शब्द. डाग ही तक्रार होण्यास लागणारी परिस्थिती खऱ्या अर्थाने येथे तयार झाली, असे म्हणता येईल. कारण आता एका सोनाराचा दागिना दुसऱ्या सोनाराच्या आगीत काळा पडू शकत होता, आणि दोष दुसऱ्याच्या माथी येत होता.

१९४० मध्ये यात आणखी भर पडली. युद्धकाळात सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. नव्या मिश्रणात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जुने चांगले रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले गेले. लोकांनी मागे ठेवले ते पेटीत गेले. दिसायला नवा रुपया जुन्यासारखाच. वीस जुन्या रुपयांच्या मुशीत तांबे सुमारे १९ ग्रॅम. वीस नव्यांच्या मुशीत ९३ ग्रॅम. जुने आणि नवे रुपये सरमिसळ करून कोणी तोडे घडवले असतील तर ते दुरुस्तीच्या वेळी तांबूस-काळे पडणे अटळ होते. या वेळी हीण घालणारे खुद्द सरकार होते, आणि तरीही ग्राहकासमोर उभा होता तो सोनारच.

शेगडीपाशी

सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांच्या संगतीपासून दूर राहावे असे सांगणारी म्हण महाराष्ट्रात सर्वत्र प्रचलित आहे. या तिघांत समान धागा एकच : ग्राहकाची वस्तू त्यांच्या ताब्यात जाते आणि तिचे काय होते ते ग्राहकाला नीट कळत नाही. सोने, कापड आणि कागद. दुसरीकडे सोनारानेच कान टोचावेत असेही हाच समाज म्हणतो. संत नरहरी सोनारांच्या प्रसिद्ध आख्यायिकेत विठ्ठलासाठी घडवलेला करगोटा एकदा तोकडा आणि एकदा सैल होतो, आणि दुरुस्तीसाठी परत येतो. भक्तिपर अर्थ बाजूला ठेवून पाहिले तर या कथेत कारागिराच्या जीवनातील सर्वांत अवघड प्रसंग आहे. केलेले काम परत येते, माप बरोबर असल्याची त्याला खात्री असते आणि समोरच्याला ती देता येत नाही.

जुने सोनार डाग टाळण्यासाठी जे करीत त्यामागे पक्के निरीक्षण होते. लाकडी कोळसा वापरणे हे त्यातले पहिले. लाकडी कोळशात गंधक जवळपास नसते, दगडी कोळशात असते. फुंकणीची ज्योत सांध्यावर नेमकी आणि थोडा वेळ ठेवणे हे दुसरे. तापण्याचा काळ जितका कमी तितका प्राणवायू आत कमी शिरतो. टाकणखाराचा लेप केवळ सांध्यालाच नव्हे तर आजूबाजूलाही देणे हे तिसरे. टाकणखार वितळून काचेसारखा थर धरतो आणि हवा अडवतो. आजचे कारागीर बोरिक आम्ल स्पिरिटमध्ये कालवून संपूर्ण दागिना त्यात बुडवतात, त्यामागचे तत्त्वही तेच. शेवटी चिंचेचे पाणी, रीठा आणि उजाळा. हे सर्व करूनही पोटात तांबे जास्त असलेला दागिना डाग दाखवतोच. अनुभवी सोनार म्हणूनच दागिना हातात घेताच एका कोपऱ्यात किंचित कानस मारून आतला रंग पाहतो आणि तो ग्राहकाला आधी दाखवतो. कौटिल्याने चोरीच्या यादीत घातलेले खरवडणे येथे प्रामाणिकपणाचा पुरावा ठरते, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

देवघरातील टाकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. खंडोबा, भवानी, सप्तशृंगी यांच्या प्रतिमा ठसवलेले चांदीचे टाक पिढ्यान्‌पिढ्या पूजेत झिजतात आणि ठरावीक प्रसंगी उजळून घेतले जातात. येथे रंग बदलला तर तो चोरीचा नव्हे, दैवी नाराजीचा संकेत मानला जाण्याची भीती असते. त्यामुळे टाकाला शक्यतो आग दाखवली जात नाही. पार झिजलेला टाक विसर्जित करून नवा घडवणे पसंत केले जाते.

ग्रॅम, मुलामा आणि छाप

स्वातंत्र्यानंतर भाराचे ग्रॅम झाले. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली आणि देशभरचे सोनार बेकार झाले. १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत हा धंदा सरकारी जाचाखालीच राहिला. चांदीवर असे नियंत्रण नव्हते. पण चांदीकामाचे केंद्र हळूहळू गावच्या शेगडीकडून कारखान्याकडे सरकले. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे पैंजणांसाठी, विदर्भातील खामगाव चांदीच्या बाजारासाठी नावारूपाला आले. नाशिकच्या सराफ बाजारात आज दुरुस्तीला येणारा पैंजण नाशिकात घडलेला असेलच असे नाही. ज्याने घडवला तो शेकडो किलोमीटर दूर आणि ज्याच्या हातात तो काळा पडतो तो येथे, ही चांदवडी रुपयाच्या काळातील विसंगती नव्या रूपात परत आली आहे.

त्यातच विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. हिणकस पैंजणावर निव्वळ चांदीचा किंवा ऱ्होडियमचा अतिपातळ थर चढवला की तो आरशासारखा चमकतो. पूर्वी ज्या कातडीसाठी सोनाराला दहा वेळा तापवावे-उकळावे लागे, ती आता काही मिनिटांत मिळते. डाग देताना हा थर जळतो किंवा विरतो आणि सांध्याभोवती पिवळट कडे उमटते. पुन्हा मुलामा दिल्याखेरीज ते जात नाही आणि लहान दुकानांत बहुधा ती सोय नसते. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर जॉन्स यांनी तांब्याचा काही भाग काढून जर्मेनियम घातलेली, आगीत न डागळणारी चांदी तयार केली; परंतु गल्लीतल्या पैंजणाच्या दुरुस्तीपर्यंत तिचा प्रवास झालेला नाही. उलट मुद्दाम गंधकाने काळी केलेली 'ऑक्सिडाइज्ड' चांदी मध्यंतरी फॅशन म्हणून आली, आणि ज्या काळेपणावरून सोनाराला बोल लागत, त्याचीच मजुरी घेण्याची वेळ त्याच्यावर आली.

गोदावरीनेही या बाजाराला स्वतःचा डाग दिला आहे. १९६९, २००८ आणि २०१६ च्या पुरांत नदीचे पाणी सराफ बाजाराच्या परिसरात शिरले. पुराच्या गाळातील कुजणाऱ्या द्रव्यांतून गंधकयुक्त वायू सुटतात आणि अशा गाळात राहिलेली चांदी काळी पडते. हा काळेपणा पृष्ठभागावरचा, म्हणून निघणारा.

भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी २००० मध्ये आणि चांदीसाठी २००५ मध्ये हॉलमार्क सुरू केला. सोन्याला तो २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीच्या बाबतीत तो ऐच्छिक राहिला असला तरी १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यावरही स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. १८९३ मध्ये दागिन्यातून निघून गेलेली सरकारी हमी या छापाने काही अंशी परत आणली आहे. दागिन्यावर ९२५ असा आकडा असेल तर त्यात साडेसात टक्के हीण असल्याचे छापच सांगतो आणि आगीत डाग पडण्याची शक्यता तंटा होण्यापूर्वीच उघड होते. मात्र हा छाप छापाच्या दिवशी असलेल्या धातूविषयी बोलतो. त्यानंतर दिलेल्या झाळीविषयी तो काही सांगू शकत नाही.

नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. नाण्यांचे अभ्यासक आणि संग्राहक ज्या दोषांकडे विशेष लक्ष देतात, त्यांत कडी काढून टाकल्याची खूण हा एक महत्त्वाचा दोष. माळेतून सुटलेल्या राणीछाप रुपयाच्या कडेला झाळीचा उंचवटा आणि त्याभोवती करड्या रंगाचे वलय असते. कितीही घासले तरी ते जात नाही. संग्राहक अशा रुपयाची किंमत निम्म्याहून खाली आणतो. सराफ बाजारात तोच रुपया काट्यावर ठेवला जातो, अकरा ग्रॅमांच्या आसपास भरतो आणि चांदीच्या भावाने घेतला जातो; वलयाकडे तेथे कोणी पाहत नाही.